‘पेपरात आलंय, डॉक्टर!’

गेल्या महिन्यातील गोष्ट. गुरुवार हा आमच्या गावचा बाजाराचा दिवस, त्यामुळे दवाखान्यात सकाळपासून गर्दी होती. अकराच्या सुमारास एक शेतकरी आपल्या मुलीला अक्षरशः उचलून आत घेऊन आला. मुलगी अकरा वर्षांची. ओठ कोरडे पडलेले, डोळे खोल गेलेले आणि श्वास असा खोल व भराभर चाललेला, की जणू आत्ताच धावत डोंगर चढून आली आहे. पहाटेपासून तिला चार-पाच उलट्या झाल्या होत्या, पोटात दुखत होते. पित्त झाले असेल, असे घरच्यांना वाटले होते. ती जवळ येताच तिच्या श्वासाला येणारा, जास्त पिकलेल्या फळासारखा वास मला जाणवला आणि माझ्या मनात धस्स झाले.

ही मुलगी माझ्या ओळखीची. दोन वर्षांपूर्वी तिला मधुमेह असल्याचे निदान झाले. तेव्हापासून तिला रोज चार वेळा इन्सुलिनचे इंजेक्शन घ्यावे लागते. बोटातून थेंबभर रक्त काढून यंत्रावर पाहिले, साखर पाचशेच्या आसपास होती. मी वडिलांना विचारले, “इन्सुलिन कधी दिले होते?”

ते खाली बघत म्हणाले, “चार दिस झालं, बंद केलंय.”

“बंद? कुणी सांगितले?”

“पेपरात आलंय, डॉक्टर. मोबाइलवर बी हाय. पंधरा दिसांत डायबेटिस मुळासकट जातो. इन्सुलिन आधी बंद कराय लागतंय, असं सांगितलंय त्यात.”

बोलायला वेळ नव्हता. सलाइन लावले, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावली आणि तिला कोल्हापूरला मोठ्या सरकारी रुग्णालयात पाठवले. तिथे तीन दिवस अतिदक्षता विभागात राहून ती वाचली. आणखी एक रात्र घरी निघाली असती, तर मला हा लेख वेगळ्या शब्दांत लिहावा लागला असता.

वाचकहो, या वडिलांना कुणी अडाणी म्हणून नावे ठेवू नयेत. हा माणूस बारावी शिकलेला आहे, रोज वर्तमानपत्र वाचतो. दोन वर्षे त्याने एकही इंजेक्शन चुकू दिले नव्हते. पण आपली पोर रोज चार सुया टोचून घेते, लग्नाला गेली तर पंगतीतून उठून कोपऱ्यात जाऊन इंजेक्शन घेते, हे बघून कुठल्या बापाचे काळीज तुटणार नाही? त्याला आशा हवी होती आणि ती त्याला वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर, शिवाय मोबाइलच्या पडद्यावर, फुकट मिळाली.

ऐकलेले खरे, पण दुसऱ्याचे

मुलगी घरी आल्यावर मी त्यांच्याकडून तो व्हिडिओ मागून घेतला आणि पूर्ण पाहिला. त्यात एक गृहस्थ सांगत होते, ‘माझा मधुमेह पूर्ण गेला, सगळ्या गोळ्या बंद झाल्या.’ मला वाटले होते, सगळे धादांत खोटे असेल. पण नीट ऐकल्यावर लक्षात आले, की ते गृहस्थ बहुधा खरे बोलत होते. वय पंचेचाळीसच्या आसपास, वजन पूर्वी शंभर किलोच्या वर, मधुमेह होऊन दीड वर्ष झालेले. त्यांनी खाणे अर्ध्यावर आणले, रोज चालायला सुरुवात केली, अठरा किलो वजन उतरवले. त्यानंतर त्यांच्या डॉक्टरांनी गोळ्या कमी करत करत बंद केल्या. असे होऊ शकते.

मग चूक कुठे झाली? चूक झाली ती ‘मधुमेह’ या एका शब्दात. त्या गृहस्थांचा आजार आणि या मुलीचा आजार, दोन्हींचे नाव एक, दोन्हींत रक्तातील साखर वाढते. पण दोन्हींचे मूळ वेगळे. एकाला जे औषध ठरले, तेच दुसरीच्या जिवावर बेतले. मधुमेहाविषयी वर्तमानपत्रांत, दूरचित्रवाणीवर आणि मोबाइलवर जे काही येते, त्यातील बरीचशी हानी उघड खोट्यामुळे होतच नाही. एका रुग्णाचे खरे सर्वांना लागू आहे असे सांगितले जाते, तिथे ती होते.

दोन मधुमेह

थोडे समजावून घेऊ. आपल्या पोटात, जठराच्या मागे, स्वादुपिंड नावाची ग्रंथी असते. तिच्यातील काही पेशी इन्सुलिन तयार करतात. खाल्लेल्या अन्नाची साखर होऊन रक्तात येते. ती साखर पेशींच्या आत जाण्यासाठी दार उघडण्याचे काम हे इन्सुलिन करते.

पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीराची संरक्षक यंत्रणाच चुकून या पेशींवर हल्ला करते आणि त्या नष्ट होतात. इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. हा प्रकार बहुधा लहान वयात किंवा तरुणपणी दिसतो. जास्त गोड खाल्ल्याने तो होत नाही, आईबापांच्या चुकीने होत नाही. इन्सुलिन नसले की शरीर चरबी जाळू लागते, त्यातून रक्तात आम्ले साठतात, उलट्या होतात, श्वास जोराने चालतो आणि रुग्ण बेशुद्ध होतो. आमच्या मुलीचे नेमके हेच झाले.

दुसऱ्या प्रकारात इन्सुलिन असते, पण शरीर त्याला दाद देत नाही. पुढे हळूहळू ते कमीही पडते. वाढलेले पोट, बैठे काम, घराण्यातील मधुमेह ही याची नेहमीची कारणे. आपल्याकडील बहुतेक रुग्ण याच प्रकारचे. याशिवाय गरोदरपणातील मधुमेह वेगळा, स्वादुपिंडाच्या आजाराने होणारा वेगळा.

हा फरक काही परदेशी डॉक्टरांनी काल शोधलेला नाही. आपल्या सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक ‘सहज’ म्हणजे जन्मतःच लाभलेला, दुसरा ‘अपथ्यनिमित्त’ म्हणजे चुकीच्या आहारविहाराने झालेला. पहिला रुग्ण कृश, दुसरा स्थूल. कृशाला पोषण द्यावे आणि स्थूलाचे पोषण कमी करावे, असा उपचारातील भेदही तिथे केलेला आहे. आजच्या दोन प्रकारांशी ते तंतोतंत जुळते असे मी म्हणणार नाही. पण रुग्ण बघून उपचार ठरवावा, हे आपल्या पूर्वजांना माहीत होते. ‘प्राचीन आयुर्वेदिक रहस्य’ म्हणून सगळ्यांना एकच भुकटी विकणाऱ्यांनी निदान सुश्रुत तरी वाचावा.

इन्सुलिनच्या आधी काय होते?

‘इन्सुलिन हे विष आहे’, असे वाक्य त्या व्हिडिओत होते. म्हणून इन्सुलिन येण्यापूर्वीची स्थिती सांगतो. १९२१ पूर्वी लहान मुलांना मधुमेह झाला, की डॉक्टरांच्या हाती एकच उपाय होता, त्यांना जवळजवळ उपाशी ठेवणे. त्याने काही महिने, फार तर एक-दोन वर्षे मिळत. मुले हाडांचा सापळा होऊन मरत.

१९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी कुत्र्यांच्या स्वादुपिंडातून हा रस काढला. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला त्याचे पहिले इंजेक्शन दिले गेले. ते पुरेसे शुद्ध नव्हते, फारसा उपयोग झाला नाही. जेम्स कॉलिप यांनी ते अधिक शुद्ध केले, २३ जानेवारीला पुन्हा दिले आणि मरणाच्या दारातला तो मुलगा सुधारू लागला. तो पुढे तेरा वर्षे जगला. या संशोधकांनी आपले हक्क टोरांटो विद्यापीठाला अवघ्या एकेका डॉलरला देऊन टाकले. बँटिंग यांचा जन्मदिवस १४ नोव्हेंबर. आपल्याकडे तो बालदिन, आणि जगभर तो मधुमेह दिन म्हणून पाळला जातो.

ज्या औषधाने मुले मरायची थांबली, त्याला विष म्हणणे म्हणजे विहिरीचे पाणी पिऊन विहिरीत थुंकणे आहे.

‘मधुमेह मुळासकट जातो’ म्हणजे नेमके काय?

आता दुसऱ्या प्रकाराकडे वळू. यात ‘गोळ्या सुटल्या’ ही गोष्ट अशक्य नाही, हे मी वर सांगितलेच. ब्रिटनमध्ये याचा रीतसर अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. गोळ्या बंद करून, रोज साधारण साडेआठशे कॅलरींचा आहार काही महिने डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांच्या देखरेखीखाली दिला गेला. वर्षभरानंतर शंभरातील ४६ जणांची साखर औषधाशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली आली होती. ज्यांनी पंधरा किलो किंवा अधिक वजन उतरवले, त्यांच्यात हे प्रमाण ८६ होते.

हे ऐकून आनंद व्हावा असेच आहे. पण त्याच अभ्यासातील पुढचे तपशील जाहिरातीत कुणी छापत नाही. त्यात घेतलेले सर्व रुग्ण दुसऱ्या प्रकारचे, वजन जास्त असलेले आणि मधुमेह होऊन सहा वर्षांपेक्षा कमी काळ झालेले होते. इन्सुलिन घेणाऱ्यांना त्यात घेतलेच नव्हते. आणि दोन वर्षांनी शंभरातील ४६ चे ३६ झाले, कारण काहींचे वजन परत वाढले आणि वजनाबरोबर साखरही परतली. म्हणून डॉक्टर याला ‘बरा झाला’ असे न म्हणता ‘आटोक्यात जाऊन शांत झाला’ असे म्हणतात. निखाऱ्यावर राख बसावी तसे ते आहे. फुंकर बसली की पुन्हा लाल.

तेव्हा ज्यांना नुकताच मधुमेह झाला आहे, पोट सुटले आहे, त्यांनी जरूर प्रयत्न करावा. मीही त्यांना तेच सांगतो. पण गोळी आधी बंद करून नव्हे, आणि कुणाच्या पंधरा दिवसांच्या शिबिराच्या भरवशावर नव्हे.

दवाखान्यात रोज ऐकू येणाऱ्या काही गोष्टी

*‘साखर बंद केली, आता गूळच खातो.’* आपल्या कोल्हापूरचा गूळ म्हणजे आपला अभिमान. गुऱ्हाळावर ताज्या गरम गुळाची चव घेतली नाही असा माणूस आपल्या जिल्ह्यात सापडायचा नाही. पण गूळ आणि साखर ही एकाच उसाच्या रसाची लेकरे आहेत. गुळात थोडे लोह व इतर क्षार असतात हे खरे, पण त्याचा बहुतेक भाग साखरच असतो. ‘सेंद्रिय’ शब्द लावला तरी त्यातील साखर कमी होत नाही. मधाचेही तसेच. एका मामांनी चहातील साखर सोडली म्हणून आनंदाने तीन-तीन कप गुळाचा चहा सुरू केला आणि तीन महिन्यांनी ‘साखर तर सोडलीय, मग वाढली कशी?’ म्हणून माझ्याशीच वाद घातला!

*‘भात बंद, भाकरी कितीही चालते.’* भाकरी चांगली. तिच्यात चोथा जास्त. पण ज्वारीच्या पिठातही पिष्ट असतेच आणि त्याची साखरच होते. चार भाकऱ्यांचा हिशेब चार भाकऱ्यांसारखाच द्यावा लागतो. काय खाल्ले याइतकेच किती खाल्ले हे महत्त्वाचे. पाकिटावर ‘शुगर फ्री’ लिहिलेल्या बिस्किटातही मैदा असतो, हे विसरू नये.

*‘गोळीने किडनी खराब होते.’* हा सर्वांत घातक गैरसमज. मेटफॉर्मिन ही गोळी बहुतेकांना पहिल्यांदा दिली जाते. ती मूत्रपिंड खराब करत नाही. उलट, वर्षानुवर्षे वाढलेली साखर आणि रक्तदाब मूत्रपिंड खराब करतात. मूत्रपिंड दुबळे झाल्यावर ही गोळी शरीरात साठू नये म्हणून आम्ही तिची मात्रा कमी करतो, फारच दुबळे झाल्यावर बंद करतो. लोक याचा उलटा अर्थ लावतात. गंमत अशी, की ‘केमिकल’ म्हणून जिला नावे ठेवतात, त्या गोळीचे मूळ युरोपात पूर्वी औषधी म्हणून वापरल्या जाणाऱ्या एका झुडपापर्यंत जाऊन पोहोचते. १९५७ साली पॅरिसमध्ये जाँ स्टर्न या डॉक्टरांनी मधुमेहावरील तिच्या उपयोगाची माहिती प्रसिद्ध केली. म्हणजे सहा दशकांहून अधिक काळ ती जगभर पारखली गेली आहे.

*‘साखर नॉर्मल आली, म्हणून गोळी सोडली.’* पावसात छत्री उघडली, अंग कोरडे राहिले. म्हणून पाऊस थांबला असे समजून छत्री मिटायची, त्यातला हा प्रकार. साखर नॉर्मल आली ती बहुधा गोळीमुळेच.

*‘कंपन्यांनी औषधे खपावीत म्हणून आकडा खाली आणला.’* उपाशीपोटीच्या साखरेची मधुमेह ठरवण्याची रेषा १९९७ साली अमेरिकेतील तज्ज्ञांच्या समितीने १४० वरून १२६ वर आणली, हे खरे आहे. पुढे जागतिक आरोग्य संघटनेनेही तीच स्वीकारली. पण ती हवेतून आणली नाही. साखरेच्या कोणत्या पातळीपासून डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाच्या खुणा दिसू लागतात, हे तपासून ती ठरवली. आकडा वर नेला तर मधुमेह कमी होणार नाही. फक्त तो उशिरा कळेल.

*‘कारले, मेथी, जांभळाच्या बिया घेतो, मग गोळी कशाला?’* मेथीत चोथा भरपूर, त्यामुळे साखर रक्तात सावकाश चढते; थोडा फायदा होतो. कारल्याची भाजी आवडत असेल तर जरूर खा. पण भाजी ती भाजी. तिने गोळीची किंवा इन्सुलिनची जागा घेता येत नाही. आणि बिनलेबलाच्या भुकट्यांपासून तर दूरच राहा. ‘शंभर टक्के वनौषधी’ म्हणून विकल्या गेलेल्या काही भुकट्यांत साखर उतरवणाऱ्या ॲलोपॅथीच्या गोळ्याच कुटून घातल्याचे तपासणीत आढळलेले आहे. साखर झपाट्याने उतरते, गिऱ्हाईक खूश होते. पण किती मात्रा पोटात गेली हे कुणालाच ठाऊक नसते. एखाद्या रात्री साखर इतकी उतरते, की माणूस झोपेतून उठतच नाही.

माझीही एक चूक

इतरांच्या चुका सांगितल्या, आता स्वतःची सांगतो. सुमारे वीस वर्षांपूर्वी मी एका लहानशा साप्ताहिकात लेख लिहिला होता. मथळा होता, ‘साखर: पांढरे विष’. मथळा झणझणीत, लोकांनी वाहवा केली, मीही फुशारलो. माझ्याकडे येणाऱ्या, इन्सुलिनवर असलेल्या एका निवृत्त शिक्षिका. बाईंनी तो लेख कापून फडताळाच्या दारावर चिकटवला.

एक दिवस दुपारी बाईंना दरदरून घाम फुटला, हातपाय कापू लागले, बोलणे असंबद्ध झाले. सकाळी इन्सुलिन घेतले होते आणि उपास म्हणून जेवण टाळले होते. साखर उतरली होती. सून शहाणी, ती साखरेचे पाणी घेऊन धावली. बाईंनी तोंड घट्ट मिटून घेतले. म्हणाल्या, “साखर विष आहे, डॉक्टरांनी लिहिलंय.” माझ्याकडे आणले तेव्हा त्या बेशुद्ध होत्या. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर दहा मिनिटांत डोळे उघडले आणि विचारले, “डॉक्टर, मी काय चुकले?” चूक त्यांची नव्हती, माझ्या मथळ्याची होती. मी लिहिले ते रोजच्या आहाराबद्दल बरोबर होते, पण त्या एका तासासाठी ते जीवघेणे ठरले. बाईंच्या घरी जाऊन तो कागद मी स्वतःच्या हाताने काढला. तेव्हापासून लिहिताना मी स्वतःला विचारतो, हे कोणासाठी आणि केव्हासाठी?

दूरचित्रवाणीवरील मालिकांतही असेच घडते. नायकाचे वडील कोसळतात, कुणीतरी ओरडते, ‘यांना डायबेटिस आहे, इन्सुलिन द्या!’ वाचकहो, असे कधीही करू नका. मधुमेही माणसाला घाम, थरथर, चक्कर, चिडचिड, असंबद्ध बोलणे असे काही अचानक सुरू झाले, तर आधी साखर उतरल्याची शंका घ्या. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्या, मग काही खायला द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नका; कुशीवर निजवा आणि ताबडतोब रुग्णालय गाठा. इन्सुलिन मात्र त्या वेळी कदापि देऊ नका.

कायदा आहे, पण...

अनेकांना ठाऊक नसते, की मधुमेह बरा करण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात करणे आपल्या देशात गुन्हा आहे. औषधे आणि जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ सालापासून अस्तित्वात आहे आणि ज्या आजारांच्या बाबतीत अशा जाहिरातींना बंदी आहे, त्यांच्या यादीत मधुमेहाचे नाव आहे. २०२४ साली याच स्वरूपाच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल सर्वोच्च न्यायालयाच्या बडग्यामुळे एका मोठ्या कंपनीला वर्तमानपत्रांत जाहीर माफी छापावी लागली होती. तरीही आतल्या पानावर माझ्यासारख्याचे आरोग्याचे सदर आणि शेवटच्या पानावर ‘मधुमेहमुक्ती’ची चौकट, असे चित्र अनेक ठिकाणी दिसते. वर्तमानपत्रांनाही आपले घर आधी झाडावे लागेल. तुम्हाला अशी जाहिरात दिसली, तर ती कापून ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाकडे तक्रार करा.

हा प्रश्न थोड्या लोकांचा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मदतीने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. इतकी मोठी बाजारपेठ दिसल्यावर दुकाने थाटली जाणारच.

वाचताना हे पाच प्रश्न विचारा

मधुमेहाविषयी काहीही वाचले, ऐकले, पाहिले, की पुढील प्रश्न स्वतःला विचारा.

१. हे कोणत्या प्रकारच्या मधुमेहाबद्दल आहे? प्रकारच सांगितला नसेल, तर तिथेच थांबा.

२. हे कोणाला लागू आहे? वय, वजन, किती वर्षांचा आजार, चालू औषधे, यांत माझ्यात आणि त्याच्यात सारखे काय आहे?

३. चालू औषध बंद करायला सांगितले आहे काय? असेल, तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक पाऊलही पुढे टाकू नका.

४. शेवटी काही विकायला काढले आहे काय? भुकटी, शिबिर, पुस्तक, यंत्र?

५. किती दिवसांत गुण येईल म्हणतात? मागील तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ताची तपासणी आहे. पंधरा दिवसांत मधुमेह गेल्याचे प्रमाणपत्र देणाऱ्याला ती तपासणी तीन महिन्यांनी करून दाखवायला सांगा.

पहिल्या प्रकारच्या मधुमेहींनी एक गोष्ट मनावर कोरून ठेवावी: ताप असो, उलट्या असोत, जेवण नसो, इन्सुलिन पूर्ण बंद कधीही करायचे नाही. मात्रा किती, ते डॉक्टरांना विचारा. दुसऱ्या प्रकारच्यांनी वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, लघवीतील प्रथिने व मूत्रपिंडाची तपासणी करावी आणि रोज रात्री झोपण्यापूर्वी तळपाय पाहावेत. खर्च झेपत नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. साखरेची तपासणी आणि नेहमीच्या गोळ्या तिथे मोफत मिळतात. आणि शंका आली तर डॉक्टरांना विचारायला लाजू नका. आम्ही डॉक्टरही घाईत असतो, पुरते समजावून सांगत नाही, हे मला मान्य आहे. आम्ही दोन मिनिटांत उठवलेला रुग्ण मोबाइलसमोर दोन तास बसतो, याचा दोष काही अंशी आमच्याकडेही येतो.

परवाच्या गुरुवारी ते बापलेक पुन्हा आले होते. मुलगी हसतमुख, दप्तर पाठीला लावूनच आलेली. इथून थेट शाळेला जायचे होते. बोटाला सुई टोचून साखर तिने स्वतःच पाहिली, आकडा वहीत लिहिला आणि वही माझ्यापुढे सरकवली. वडील मात्र गप्प होते. निघताना दारात थांबले आणि म्हणाले, “डॉक्टर, तुम्ही पेपरात लिवता न्हवं? मग हे बी लिवा. माझ्यासारखं आनि कुणी असंल, त्येला कळूदे.”

म्हणून हा लेख. शेवटच्या पानावरची चौकट तुम्ही कापून ठेवली असेल, तर तिच्याशेजारी हा कागदही ठेवा आणि दोन्ही घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा.